बंद पडलेला फोन चार्जिंगला लावण्याआधी हे वाचा

मृग नक्षत्र तोंडावर आलं आहे. चिपळूणच्या बाजारपेठेत दुकानदार खालच्या फळ्यांवरचा माल वर चढवू लागलेत. मीही माझं मशीन, मायक्रोस्कोप आणि सुट्या भागांचे डबे पोटमाळ्यावर नेऊन ठेवले. मी मोबाईल दुरुस्त करतो, सतरा वर्षं याच टेबलावर बसतो आहे. जुलैत पाणी शिरल्यावर सांगून काही उपयोग होत नाही, म्हणून आज, कोरड्या दिवसात, हात जोडून सांगतो आहे.

फोन भिजला किंवा अचानक बंद पडला, तर तो चार्जिंगला लावू नका. ‘जरा चालू होतोय का बघू’ म्हणून बटण दाबून धरू नका. ‘रीसेट’ किंवा ‘फॉरमॅट’ असा शब्द दिसला की तिथे बोट ठेवू नका. आणि नवा फोन घेताना जुना लगेच एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू नका. बाकी पुढचं वाचायला वेळ नसेल तर एवढंच घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा, त्यातही घरातल्या मुलांना, कारण भिजलेला फोन चार्जरला जोडणारा हात बहुतेक वेळा मुलाचाच असतो.

२२ जुलै २०२१ चा दिवस इथल्या कुणाला वेगळा सांगायला नको. वाशिष्ठी आणि शिवनदी दोन्ही बाजारात शिरल्या. माझं दुकान पार आढ्यापर्यंत पाण्यात होतं. चार दिवसांनी उंचावरच्या भागात राहणाऱ्या भावाच्या पडवीत टेबल मांडलं, इन्व्हर्टरवर दिवा लावला आणि लोक येऊ लागले. घरातलं धान्य गेलेलं, कपाटं उलटी झालेली, आणि माणसं हातात पिशवीत गुंडाळलेला फोन घेऊन दारात उभी. पहिल्याच आठवड्यात नोंदवहीची सहा पानं भरली. त्या वहीतली एक नोंद मला अजून स्वस्थ बसू देत नाही.

पेठमाप भागातल्या एक वहिनी होत्या, महिला बचत गटाच्या सचिव. गटाचं रजिस्टर पाण्यात गेलं होतं. कुणाची बचत किती, कुणाला कर्ज किती दिलं, कुणाचा हप्ता कुठवर आला, सगळा हिशोब त्या रजिस्टरमध्ये. पण वहिनी हुशार. दर महिन्याची बैठक झाली की त्या पानाचा फोटो काढून ठेवायच्या. तीन वर्षांची पानं फोनमध्ये होती. ‘वही गेली तरी चालेल दादा, फोन तेवढा उघडून द्या,’ असं म्हणत त्यांनी पिशवीची गाठ सोडली. फोन कोरडा होता, बाहेरून अगदी स्वच्छ पुसलेला. तीन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला होता. आणि रोज रात्री त्यांचा मुलगा शेजाऱ्यांच्या गाडीच्या चार्जरला तो जोडून बघायचा, जीव आला का म्हणून.

मी फोन खोलला. चार्जिंगच्या जागेपासून बोर्डावर जाणाऱ्या तांब्याच्या रेषा हिरव्या पडल्या होत्या. जुन्या तांब्याच्या भांड्याला कळकट हिरवा थर चढतो ना, तसा. पत्र्याचं शील्ड उचललं तर खाली अजून ओल होती, चिखलाचा बारीक गाळ होता, आणि वीज ज्या आयसीतून वाटली जाते तिचे पायच खाऊन गेले होते. शॉर्टिंग एवढं पुढे गेलेलं की प्रोसेसरच जळला होता. मी दोन दिवस त्या बोर्डावर घालवले. जमलं नाही. गटाच्या बायकांनी पुढे बँकेचं पासबुक आणि एकमेकींच्या आठवणी जुळवून हिशोब नव्याने मांडला. त्यात कुणी खोटं बोललं नाही, पण कुणाचे किती यावरून दोन घरांचं बोलणं मात्र तुटलं.

त्याच आठवड्यात मुरादपूरकडचा एक रिक्षावाला आला होता. त्याचा फोन दोन दिवस गाळातच पडून होता. पाणी शिरलं तेव्हा त्याची बॅटरी आधीच संपलेली, आणि सापडल्यावर त्याने तो कशालाच जोडला नाही, कारण चार्जर वाहून गेला होता. त्याचा फोन तिसऱ्या दिवशी चालू झाला. वहिनींचा फोन त्याच्यापेक्षा महाग होता, पाण्यात कमी वेळ होता, आणि जास्त जपला गेला होता. फरक फक्त विजेचा.

फोन एकट्या पाण्याने मरत नाही. ओल्या बोर्डावरून वीज वाहिली की मरतो. पुराच्या पाण्यात क्षार असतात, गटाराची घाण असते, त्यातून वीज सहज वाहते आणि वाहता वाहता तांबं विरघळवत जाते. फोन बंद केला तरी आत बॅटरी जोडलेलीच असते, म्हणजे हे काम मंद गतीने चालूच राहतं. चार्जर लावला की ते सपाट्याने होतं. म्हणून भिजलेला फोन चालू असेल तर आधी बंद करा, कव्हर काढा, सिमचा आणि मेमरी कार्डाचा ट्रे बाहेर घ्या, फडक्याने पुसा, हलवू नका, हेअर ड्रायरने गरम करू नका, आणि जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर तो खोलून बॅटरीचा पट्टा सोडवणाऱ्या माणसाकडे न्या. नंतर तो बोर्ड आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धुऊन साफ करता येतो. त्याआधीचे काही तास तुमच्या हातात असतात.

तांदळाचं सांगायलाच हवं, कारण ही समजूत फार पक्की बसली आहे. तांदूळ शील्डखालचं पाणी ओढून घेत नाही. त्याची पूड आणि कण चार्जिंगच्या खाचेत जातात, आणि मुख्य म्हणजे तीन दिवस वाया जातात. ॲपल कंपनीनेही २०२४ मध्ये आपल्या सूचनांत तांदळात फोन ठेवू नका असं स्पष्ट लिहिलं. फोनच्या खोक्यावर पाण्यात टिकण्याचा ‘आयपी ६८’ दर्जा लिहिलाय म्हणून निर्धास्त राहू नका. ती चाचणी नव्या फोनाची, स्वच्छ गोड्या पाण्यातली, ठरावीक खोली आणि ठरावीक वेळेपुरती असते. दोन वर्षं वापरलेल्या, एकदा डिस्प्ले बदललेल्या फोनाला पुराच्या गाळात ती लागू होत नाही. समुद्राच्या पाण्यात तर नाहीच.

पाठीचं झाकण उचललं गेलं असेल, फोन फुगीर दिसत असेल, तर तो दाबून बसवू नका. बॅटरी फुगली आहे. ती पेट घेऊ शकते. फरशीवर, कपड्या-कागदांपासून लांब ठेवा आणि तसाच घेऊन या.

आता दुसरी समजूत. बरेच जण येऊन म्हणतात, ‘फोन जाऊ दे दादा, आतली चिप काढून दुसऱ्या फोनात बसवा आणि फोटो काढून द्या.’ दहा-बारा वर्षांपूर्वी असं काही प्रमाणात जमायचं. आज जमत नाही. हल्लीच्या अँड्रॉइड आणि आयफोनमध्ये आतला सगळा मजकूर कुलूपबंद, सांकेतिक स्वरूपात साठवलेला असतो, आणि ते कुलूप उघडणारी किल्ली त्याच फोनच्या प्रोसेसरला आणि तुमच्या पिनला बांधलेली असते. चिप वेगळी काढली तर हाती निव्वळ अर्थहीन आकडे येतात. याचा अर्थ सरळ आहे. फोटो हवे असतील तर तोच बोर्ड, त्याच प्रोसेसरसह, एकदा तरी जिवंत करावा लागतो. काही तासांपुरता का होईना. डिस्प्ले नवा चालेल, बॅटरी दुसरी चालेल, चार्जिंगची खाच कुठलीही चालेल, बोर्ड मात्र तुमचाच हवा.

म्हणून कुठेही दुरुस्तीला दिलात तर फोन टेबलावर ठेवण्याआधी तोंडाने सांगा, आणि पावतीवर लिहून घ्या: ‘डेटा हवा आहे. बोर्ड बदलू नये. फॉरमॅट करू नये.’ वॉरंटीतला फोन घेऊन एक शिक्षक एका सेवा केंद्रात गेले होते. आठवड्याने फोन परत आला, चकचकीत, अगदी नव्यासारखा. बोर्ड बदलला होता. शाळेच्या बारा वर्षांच्या स्नेहसंमेलनांचे फोटो जुन्या बोर्डाबरोबर गेले. त्यांनी सही केलेल्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की डेटाची जबाबदारी आमची नाही. केंद्राने नियमाप्रमाणेच केलं. त्यांचं काम फोन चालू करून देणं हे आहे, तुमच्या आठवणी सांभाळणं नाही. ते तुम्हालाच सांगावं लागतं.

आमच्या धंद्यातलं एक वाक्य ऐकलंत की सावध व्हा: ‘सॉफ्टवेअर मारावं लागेल.’ फोन कंपनीच्या नावावर अडकून बसला, पुढे जाईना, की हे वाक्य येतं. खूपदा यामागे कारण एवढंच असतं की फोनची जागा पूर्ण भरलेली असते आणि त्याला चालू व्हायलाही मोकळी जागा उरलेली नसते. काही फोनांवर आतला मजकूर न पुसता सॉफ्टवेअर टाकता येतं, काहींवर येत नाही. पण साधा, झटपट मार्ग म्हणजे सगळं पुसून टाकणं, आणि तो पाच मिनिटांचा आहे. एकदा फॉरमॅट झालं की त्या कुलपाची किल्लीच नष्ट होते. मग जगातलं कुठलंही मशीन ते फोटो परत आणत नाही. तेव्हा दुकानदाराला विचारा, ‘डेटा राहील का?’ उत्तर ‘बघू’ असं आलं तर फोन उचला आणि निघा.

डिस्प्ले फुटलेल्यांनी मात्र घाबरू नये. पडून काच फुटली, पडदा काळा पडला, पण फोन लावल्यावर रिंग वाजते किंवा चार्जर लावल्यावर थरथरतो, म्हणजे बोर्ड ठणठणीत आहे. (भिजलेल्या फोनाला मात्र हा प्रयोग करू नका, तो फक्त कोरड्या, पडलेल्या फोनासाठी.) पडदा दिसतो पण टच चालत नाही, अशा वेळी ओटीजीची एक छोटी पिन आणि संगणकाचा साधा माउस पुरतो. पिन फोनात, माउस पिनमध्ये, आणि पडद्यावर बाण फिरायला लागतो. त्या बाणाने पॅटर्न काढता येतो, पिन टाकता येते, फाइली उचलता येतात. पडदाच दिसत नसेल तर दुरुस्ती करणारा त्याच मॉडेलचा दुसरा फोल्डर, म्हणजे डिस्प्ले आणि टचचा जोड, तात्पुरता बोर्डाला लावून काम उरकू शकतो. फोल्डर विकत घ्यायची तयारी नसेल तर तेवढ्यापुरता लावून देण्याबद्दल विचारा. बरेच जण देतात. केबलने संगणकाला जोडून काम होईल असं वाटतं, पण कुलूपबंद फोन केबलवरून काहीच दाखवत नाही. आधी कुलूप उघडावं लागतं.

आणि कुलपाशीच सगळ्यात जास्त माणसं हरतात.

गुहागरकडच्या एक आजी गेल्या वर्षी आल्या. फोन पाट्यावर पडून चक्काचूर झालेला. बोर्ड चांगला होता, पण पॅटर्न त्यांना सांगता येईना. ‘नातवाने शिकवलं होतं, मला काय त्याचं नाव माहीत नाही,’ म्हणाल्या. कागदावर नऊ ठिपके काढून दिले तर गोंधळल्या. मग मी दुसरा फोल्डर लावला, पडद्यावर ठिपके उजळले, आणि फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर केला, अंगठा टेकवला आणि न बघता एका झटक्यात रेष ओढली. उघडला. डोक्याला आठवत नव्हतं, अंगठ्याला आठवत होतं. पाच मिनिटांत त्यांच्या खळ्यातल्या फणसाचे आणि तीन नातवंडांचे सगळे फोटो पेन ड्राइव्हवर आले.

सगळ्यांचं असं होत नाही. एका घरातला कर्ता माणूस अचानक गेला, त्याच धावपळीत फोन विहिरीत पडला. त्यांच्या भावाने तो वेळेवर, बंद अवस्थेत आणला. बोर्ड मी जिवंत केला. पडदा उजळला आणि पिन विचारू लागला. घरात ती कुणालाच माहीत नव्हती. बोटाचा ठसा चालतो असं लोकांना वाटतं, पण फोन बंद होऊन पुन्हा सुरू झाला की पहिल्यांदा पिनच लागते, बोट चालत नाही. अंदाजाने पिन टाकत गेलं तर फोन अधिकाधिक वेळ अडवून धरतो, आणि काही फोन ठरावीक चुकांनंतर सगळं पुसून टाकतात. तो फोन चालू अवस्थेत त्यांच्या कपाटात आहे. आत काय आहे ते कुणालाच कळलेलं नाही. आज रात्री जेवण झाल्यावर घरातल्या प्रत्येकाची पिन किंवा पॅटर्न एका कागदावर लिहून, पाकीट चिकटवून, रेशन कार्डाच्या फायलीत ठेवा. म्हाताऱ्या माणसांची तर नक्की.

नवा फोन घेतला की लोकांची घाई सुरू होते आणि तिथे नुकसान होतं, म्हणून क्रम नीट ऐका. आधी जुन्या फोनातलं सिम काढून नव्यात घाला. सिम चांगलं असताना नवं सिम घ्यायला दुकानात जाऊ नका. नवं सिम घेतलं की सुरुवातीचे २४ तास त्यावर एसएमएस येत-जात नाहीत, म्हणजे बँकेचा ओटीपीही नाही. मग जुन्याच गुगल खात्याने किंवा ॲपल खात्याने आत जा. नवं खातं काढू नका. दुकानदार घाईत नवं खातं काढून देतो आणि माणसाला वाटतं जुने नंबर गेले. ते गेलेले नसतात, जुन्या खात्यात असतात. खात्यात शिरताना ‘जुन्या फोनवर हो म्हणा’ असं विचारलं आणि जुना फोन मेलेला असेल, तर ‘दुसरा मार्ग’ निवडा आणि सिमवर एसएमएस मागवा.

व्हॉट्सॲपवर थांबा. इथे सर्वांत जास्त काळजी घ्या. नव्या फोनात नंबर टाकला की ते एकदाच विचारतं, जुना बॅकअप सापडला आहे, परत आणायचा का? घाईत ‘वगळा’ दाबलंत तर रिकामं व्हॉट्सॲप उघडतं, आणि त्या रात्री रिकाम्या गप्पांचा नवा बॅकअप जुन्याच्या जागी जाऊन बसू शकतो. चुकून वगळलंत तर घाबरून काही करत बसू नका. लगेच नेट बंद करा, व्हॉट्सॲप काढून टाका, मग नेट चालू करून पुन्हा टाका आणि तो प्रश्न पुन्हा येतो का पाहा. बॅकअपला तुम्ही वेगळा पासवर्ड लावला असेल तर तो लागेलच, तो कंपनीही सांगू शकत नाही. जुना फोन अजून चालत असेल तर बॅकअपची वाट न बघता दोन्ही फोन शेजारी ठेवून क्यूआर स्कॅन करूनच गप्पा हलवता येतात. तो मार्ग मला जास्त आवडतो, कारण त्यात फोटोही येतात आणि डोळ्यांसमोर होतं.

पैशांची चिंता नको. यूपीआयचे पैसे फोनात नसतात, बँकेत असतात. सिम नव्या फोनात असलं की ॲप पुन्हा जोडता येतं. सातबारा, आधार, मार्कशीट हेही पुन्हा मिळतं, बरंचसं डिजिलॉकरमध्ये असतं. फोन वाहूनच गेला असेल किंवा चोरीला गेला असेल तर सिम बंद करा आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर फोन ब्लॉक करा. पैसे गेल्याचं कळलं तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला तत्काळ कळवा. या वेळी कुणी फोन करून ‘आम्ही तुमचा डेटा काढून देतो, हे ॲप टाका, ओटीपी सांगा’ म्हणालं तर तो चोर आहे. बंद फोनातून डेटा काढण्याचं वचन देणारं सॉफ्टवेअर संगणकावर टाकूनही काही होत नाही. जो फोन चालूच होत नाही त्याला कुठलंही सॉफ्टवेअर शिवू शकत नाही.

परत कधीच न मिळणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. फोटो, आवाज, हिशोबाची पानं. पडझड झाल्यावर पंचनाम्यासाठी काढलेले झाडांचे, भिंतींचे फोटो. पिकाच्या नुकसानीचे फोटो ज्या फोनात असतात तोच फोन त्याच पावसात भिजतो. आशाताई, पोलीस पाटील, बचत गटाच्या सचिव, भजनी मंडळाचे बुवा, सोसायटीचे चेअरमन, तुमच्या फोनात जे आहे ते तुमच्या एकट्याचं नाही. गावाचं आहे. तुम्हाला माझी जास्त कळकळीची विनंती आहे.

आज काय करायचं ते सांगतो. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन शेवटचा बॅकअप कधी झाला ती तारीख बघा. चालू आहे असं समजून लोक निर्धास्त असतात आणि तारीख दोन वर्षांपूर्वीची निघते. कारण गुगल फक्त १५ जीबी जागा फुकट देतं, त्यात मेल, फोटो आणि आता व्हॉट्सॲपचा बॅकअपही मोजला जातो. २०२१ च्या जूनपर्यंत फोटोंना वेगळी सवलत होती, ती गेली. ॲपल फुकट ५ जीबीच देतं. जागा भरली की बॅकअप थांबतो. आपण जागेअभावी आलेली सूचना बोटाने बाजूला सारतो. मग ती तारीख तिथेच गोठते.

वाडीवर वायफाय नाही, रोजच्या दीड-दोन जीबीत बॅकअप होत नाही, हे मला माहीत आहे. त्यासाठी एका टोकाला टाइप-सी पिन असलेला पेन ड्राइव्ह घ्या. फोनात लावा, फाइल मॅनेजर उघडा, कॅमेऱ्याचं फोल्डर आणि व्हॉट्सॲपचं फोल्डर उचलून त्यात टाका, काढा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि घरातल्या उंच जागी ठेवा. महिन्यातून एकदा. बैठकीच्या दिवशी, पौर्णिमेला, पगाराच्या दिवशी, कधीही, पण एक दिवस ठरवून. कॉन्टॅक्ट नव्याने साठवताना ‘फोन’ किंवा ‘सिम’ न निवडता गुगल खातं निवडा. आणि गुगल खात्याची दुहेरी पडताळणी चालू असेल तर त्याच्या सुरक्षेच्या पानावर दहा बॅकअप कोड मिळतात, प्रत्येक आठ आकड्यांचा, एकदाच वापरता येणारा. ते छापून त्या पिनच्या पाकिटातच ठेवा. फोन आणि सिम दोन्ही वाहून गेले तरी पासवर्ड आणि तो कागद असला की खातं उघडतं.

बंद पडलेला अँड्रॉइड फोन ‘पुढे कधीतरी बघू’ म्हणून कपाटात ठेवून देऊ नका. फोन ५७ दिवस वापरात नसेल तर गुगलवर साठवलेला त्याचा सेटिंगचा आणि ॲपचा बॅकअप पुसला जातो. गुगल फोटोजमध्ये चढलेले फोटो राहतात, पण बाकीचं जातं. दोन महिन्यांच्या आत निर्णय घ्या. आणि सगळं नव्या फोनात आलं असं वाटलं तरी जुना फोन किमान महिनाभर जवळ ठेवा, पुसू नका, कुणाला देऊ नका. काय राहिलं ते पहिल्या दिवशी कळत नाही. ते वाढदिवसाला, श्राद्धाला, कोर्टाच्या तारखेला कळतं.

माझ्या दुरुस्तीच्या धंद्यातल्या भावांनो, तुमच्याशीही बोलायचं आहे. पाच मिनिटांत फॉरमॅट मारून गिऱ्हाईक मोकळं करता येतं, हे मलाही माहीत आहे, आणि पावसाळ्यात टेबलावर तीस फोन असताना तसं करावंसं वाटतं. तरी आधी विचारा. ‘आतलं काही हवं आहे का?’ एवढा एक प्रश्न. उत्तर हो आलं तर पावतीवर लाल शाईने लिहा. पिन घेतली तर गिऱ्हाइकासमोर वापरा, त्याच्यासमोर फोटो काढा, त्याच्याच पेन ड्राइव्हवर द्या, आपल्या संगणकावर काही ठेवू नका. जमत नसेल तर हात लावू नका, ज्याला जमतं त्याच्याकडे पाठवा. चुकीच्या हाताने एकदा गरम हवा लागलेला बोर्ड पुढच्या कारागिरालाही आटोक्यात येत नाही. आणि काय होणार नाही ते स्पष्ट सांगा. आशेवर महिना-महिना फोन ठेवून घेणं हा गिऱ्हाइकावर अन्याय आहे.

ही माहिती आपल्या वाडीच्या, सोसायटीच्या, शाळेच्या ग्रुपवर पाठवा, पण निव्वळ पाठवून थांबू नका. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या पडवीत जाऊन त्यांचा फोन हातात घ्या, बॅकअपची तारीख बघा, फोटो पेन ड्राइव्हवर उतरवून द्या. तासाभराचं काम आहे.

यंदा पाणी आलंच आणि फोन भिजला तर तो बंद ठेवून, चार्जर घरीच ठेवून, फडक्यात गुंडाळून माझ्याकडे किंवा तुमच्या जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे त्याच दिवशी आणा. पावसाचे चार महिने भिजलेला फोन खोलून बॅटरीचा पट्टा सोडवून देण्याचे मी पैसे घेत नाही. दुकान रविवारीही सकाळी नऊला उघडतं.